पोक्सोची केस आणि तुमचं मूल: पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत सोबत कशी मिळवायची

कोर्टाच्या व्हरांड्यात भेटलेल्या आईवडिलांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, "सोबत कोण आहे?" उत्तर येतं, "मामा आलाय," नाहीतर "शेजारच्या काकू आल्यात." मग विचारते, "बालकल्याण समितीनं कुणी दिलंय का?" ही जिल्ह्यातली, मुलांच्या संरक्षणासाठीची सरकारी समिती. त्यावर दोघं एकमेकांकडे बघतात. पोक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची, केस दाखल होऊन वर्ष झालेलं असतं. पोरीनं तोवर पोलिसांना, डॉक्टरांना, मॅजिस्ट्रेटना आणि घरातल्या निम्म्या नातेवाइकांना तेच तेच सांगितलेलं असतं. पहिल्या आठवड्यातच एक माणूस हक्कानं मागता आला असता, हे मात्र त्या घराला कुणी सांगितलेलं नसतं.

त्या माणसाला सरकारी कागदावर 'सहाय्यक व्यक्ती' म्हणतात. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळे सपोर्ट पर्सनच म्हणतात. मी हेच काम करते. ज्यांच्या घरात, शाळेत किंवा शेजारी असं काही नुकतंच उघड झालंय आणि ज्यांनी पोलीस ठाण्याची पायरीही कधी चढलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

कायद्याची ओळख थोडक्यात करून देते. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगी असो वा मुलगा. मुलग्यांचे पालक बऱ्याचदा उशिरा येतात, "मुलग्यासाठी कायदा असतो का?" असं विचारत येतात. असतो, आणि तोच असतो. सपोर्ट पर्सनचं काम, तातडीची मदत, नुकसानभरपाई यांचे तपशील २०२० च्या पोक्सो नियमांत आहेत. कायदा देशभर एकच असल्यामुळे बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरांनाही हे सगळं लागू आहे. राज्याच्या भरपाईच्या योजना तेवढ्या वेगळ्या असतात. गोव्यात २००३ च्या बालक कायद्याखाली पणजीला वेगळं बाल न्यायालयही आहे.

मूल बोलतं त्या दिवशी

ऐका. मध्ये प्रश्न घालू नका. "मग त्यानं असं केलं का?" असं विचारलं की मूल हो म्हणून मोकळं होतं आणि पुढे उलटतपासणीत तेच वाक्य "आईनं पढवलं" म्हणून अंगावर येतं. "मग काय झालं?" एवढंच विचारा आणि थांबा. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळा. त्याऐवजी म्हणा, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही." मूल झोपल्यावर वहीत तारीख घालून त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून ठेवा. शरीराच्या भागांना ते जी नावं देतं तीच लिहा, सुधारू नका.

घटना ताजी असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. पण आई आहे, रडत रडत पोरीला आंघोळ घातली गेली असेल, तर त्याचा अपराधी भाव घेऊन घरी बसू नका. केस त्यावाचूनही उभी राहते, मुलाचा जबाब हा पुरावाच असतो. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या दारात जाब विचारायला जाऊ नका. घरातली मोठी माणसं "आपापसात मिटवू, पोरीच्या लग्नाचं बघा" म्हणतील. या गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा, वसतिगृह किंवा संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापक "शाळेचं नाव खराब होईल" म्हणाले तर हे त्यांना शांतपणे सांगा.

तक्रार

कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणाले तर "शून्य क्रमांकानं नोंदवून घ्या" म्हणा, ते नंतर योग्य ठाण्याकडे पाठवतात. ११२ वर किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर फोन केलात तरी चालतं.

मुलाला पोलीस ठाण्यात न्यायलाच हवं असं नाही. जबाब घरी किंवा मूल म्हणेल त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. आरोपी मुलाच्या नजरेस पडता कामा नये, हे पाहणं तपास अधिकाऱ्याचं काम आहे.

भाषेकडे नीट लक्ष द्या, ही जागा फार निसटते. धडगावचं मूल पावरीत बोलतं, भामरागडचं माडियात, आणि जबाब मात्र 'सदर इसमाने' अशा मराठीत टाइप होतो. मुलानं 'दुपारी' म्हटलेलं कागदावर 'सायंकाळी' होतं आणि दोन वर्षांनी त्या एका शब्दावर वीस प्रश्न येतात. दुभाषी मागा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाष्यांची आणि विशेष शिक्षकांची यादी असते, ऐकू न येणाऱ्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीही. सही करण्याआधी जबाब मोठ्यानं वाचून घ्या, चुकलेलं तिथेच दुरुस्त करायला लावा. घाई आहे म्हणाले तरी थांबा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मुलाचे हक्क लिहिलेला 'फॉर्म अ' नावाचा कागदही पोलिसांनी द्यायचा असतो, तो मागून घ्या.

जाताना वयाचा पुरावा न्या: शाळेचा बोनाफाईड किंवा दाखला, नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. पोक्सो लागू होतो की नाही ते वयावर ठरतं, म्हणून दोन्हींतली तारीख जुळते का ते घरीच बघा. जुळत नसेल तर लपवू नका, तपास अधिकाऱ्याला सांगा.

दवाखाना

तपासणीपेक्षा उपचार आधी. उपचारासाठी पोलिसांचं पत्र किंवा एफआयआर मागण्याचा अधिकार कुठल्याही दवाखान्याला नाही. सरकारी असो की खाजगी, उपचार मोफत द्यावे लागतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची असतात, म्हणून "उद्या सकाळी बघू" असं करू नका. मोठ्या मुलीच्या बाबतीत गर्भधारणा टाळण्याच्या गोळीचं स्वतः विचारा. डॉक्टर गडबडीत विसरतात.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते आणि आई किंवा विश्वासाची बाई शेजारी राहू शकते. काय करणार आहेत ते आधी मुलाला समजेल असं सांगायला लावा. मूल "नको" म्हणालं तर तपासणी थांबवता येते, उपचार थांबत नाहीत. 'दोन बोटांची तपासणी' आजही कुणी करायला निघालं तर स्पष्ट नकार द्या, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती पुन्हा एकदा ठामपणे बंद ठरवली आहे. मुंबईत काही महापालिका रुग्णालयांत 'दिलासा' केंद्रं आहेत. पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. तिथल्या समुपदेशक या सगळ्यात तुमच्याबरोबर उभ्या राहतात. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी वन स्टॉप सेंटर'ची चौकशी करा.

सपोर्ट पर्सन मागणं

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

एफआयआर झाल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. तुमची आणि मुलाची संमती घेऊन समिती सपोर्ट पर्सन नेमते. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही सोय आहे आणि तिच्यावर तुमचा हक्क आहे, हे प्रत्येक प्रकरणात पालकांना कळवलंच पाहिजे. तरी कुणी काही बोललं नाही, तर तुम्ही स्वतः जा. साध्या कागदावर लिहा:

"मा. अध्यक्ष, बालकल्याण समिती. आमच्या मुलाच्या बाबतीत अमुक पोलीस ठाण्यात अमुक क्रमांकाचा गुन्हा नोंद आहे. पोक्सो नियम २०२०, नियम ४ प्रमाणे आम्हाला सपोर्ट पर्सन नेमून मिळावा, ही विनंती."

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच पुढे फार कामाला येते.

यासाठी तुम्हाला एक रुपयाही द्यावा लागत नाही, मानधन सरकार देतं. सपोर्ट पर्सन काय करते? जबाबाला, दवाखान्यात, मॅजिस्ट्रेटसमोर, साक्षीला मुलाबरोबर येते. तपास कुठवर आलाय, दोषारोपपत्र दाखल झालं का, पुढची तारीख कधी, हे विचारून तुम्हाला सांगते. पैशाचे, शाळेचे, समुपदेशनाचे अर्ज करून देते. निकाल लागेपर्यंत दर महिन्याला समितीला अहवाल देते. मुलानं तिला सांगितलेलं गुप्त ठेवायला ती बांधील असते. मूल कुणासमोर काय बोललंय ते तिला माहीत असल्यामुळे नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

ती वकील नव्हे, वकिलाचं काम सरकारी वकील करतात. तुमचा वेगळा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, त्यांचा क्रमांक १५१००. ती मुलाला साक्ष पाठ करून घेत नाही. आणि ती तडजोड घडवत नाही. कुणी सपोर्ट पर्सन "समोरची पार्टी पैसे द्यायला तयार आहे" अशी भाषा करू लागली, किंवा मुलाला ती नुसती आवडली नाही, तरी बदलून मागा. नियमात स्पष्ट आहे, कारण सांगावं लागत नाही.

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब

याला सगळे अजून 'एकशे चौसष्टचा जबाब' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १८३ झालंय. एखादा हवालदार जुना आकडा म्हणाला तर गोंधळू नका. मुलाला घरी एवढंच सांगा की एक ताई किंवा सर प्रश्न विचारतील, जे झालं ते सांगायचं, आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं. आदल्या रात्री उजळणी घेऊ नका. डबा, पाण्याची बाटली, अंगावर नेहमीचे कपडे. उपाशी मूल दोन वाक्यांत आटोपतं.

मधले महिने

हा काळ सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत एकटा. मजुरी बुडते, तारखेला यायला एसटीचं भाडं लागतं, घर बदलावं लागतं. नियम ८ प्रमाणे जेवण, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती पैशांची शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यावर आठवड्याच्या आत ते मिळायला हवेत. अंतरिम नुकसानभरपाईसाठी विशेष न्यायालयात एफआयआरनंतर केव्हाही अर्ज करता येतो, शिक्षा होण्याची वाट बघावी लागत नाही. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत सरकारनं रक्कम द्यायची असते. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजना आहे. आता तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बघतं आणि प्रकरणानुसार कमाल मदत दहा लाखांपर्यंत जाते. रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवतात. मुलाच्या नावानं बँक खातं आणि आधार आधीच करून ठेवा, अर्ज अनेकदा तिथेच अडतो. "पैशासाठी केस केली" असं गावात कुणी बोललं तरी अर्ज मागे घेऊ नका.

मूल अंथरूण ओलं करू लागेल, शाळेला जाणार नाही म्हणेल, किंवा उलट काही झालंच नाही असं हसत खेळत राहील. हे तिन्ही मी पाहिलंय आणि तिन्ही मुलांना समुपदेशनाची गरज होती. सपोर्ट पर्सनला सांगा. रात्री अपरात्री तुमचाच धीर सुटला तर टेलि-मानस, १४४१६, मराठीतही बोलतात. आईवडिलांनी आपल्यासाठीही फोन करावा. वडील बहुतेक करत नाहीत, आणि मग ते तारखेच्या दिवशी दुरून पानटपरीपाशी उभे दिसतात.

मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: नाव, पत्ता, शाळा, फोटो, शेजाऱ्यांना अंदाज येईल असं काहीही. हे फक्त पत्रकारांसाठी नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणून पोरीचा फोटो टाकणाऱ्या सख्ख्या काकालाही ते लागू आहे. तो काढायला लावा, आजच.

आरोपीनं जामिनासाठी अर्ज केला की तुम्हाला नोटीस मिळायला हवी आणि तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये याबद्दल सविस्तर निर्देश दिलेत. मुलाला नेऊ नका. तुम्ही जा, किंवा वकील वा सपोर्ट पर्सन जाऊ दे. आरोपी त्याच गल्लीत राहतो, धमक्या येतात, मूल त्याच रस्त्यानं शाळेत जातं, हे लेखी द्या. जामीन झालाच तर कुठल्या अटींवर झाला ते विचारून लिहून ठेवा. अट मोडली तर लगेच तपास अधिकाऱ्याला कळवता येतं.

साक्ष

कायदा म्हणतो, न्यायालयानं दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि शक्यतो वर्षात खटला संपावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, मुलाला ठरावीक दिवसाचं वचन देऊ नका. समन्स घेऊन बेलिफ किंवा पोलीस येईल. त्यानंतर दोन गोष्टी करा: सरकारी वकिलांना आधी भेटा, आणि मुलाला एकदा रिकामी कोर्टरूम दाखवा. पैरवीच्या, म्हणजे कोर्टातलं काम बघणाऱ्या, हवालदाराला विचारलं तर तो वेळ सांगतो.

माझ्याबरोबर एक नऊ वर्षांचा मुलगा होता. रिकामी कोर्टरूम बघायला गेलो त्या दिवशी त्यानं तिथे सगळ्यांत आधी दारं मोजली. दोन. मग विचारलं, "तो कुठल्या दारानं येणार?" आम्ही त्याला पडदा दाखवला, तो पलीकडे जाऊन उभा राहिला, मला म्हणाला, "मी दिसतोय का?" मी म्हटलं नाही. मग मला पलीकडे उभं करून त्यानं स्वतः खात्री केली. साक्षीच्या दिवशी तो खिशात पार्ले-जीचा पुडा घेऊन आला होता. चाळीस मिनिटांनी तो न्यायाधीशांना म्हणाला, "मला दहा मिनिटं पाहिजेत." त्यांनी पंधरा दिली. व्हरांड्यात बसून त्यानं चार बिस्किटं खाल्ली आणि स्वतः उठून आत गेला. मधे सुट्टी मागायची असते हे त्याला आधी सांगितलेलं होतं, म्हणून मागता आली.

तेव्हा मुलाला हे आधी सांगा. सुनावणी बंद दाराआड होते, बघे नसतात. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा, एका बाजूनंच दिसणारी काच किंवा व्हिडिओ असतो. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांना देतात आणि न्यायाधीश विचारतात. दरडावून किंवा चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न न्यायालयानं थांबवायचे असतात. "प्रश्न कळला नाही" म्हणणं चालतं. विश्वासाचं माणूस शेजारी बसू शकतं, पण खुणा करायच्या नाहीत, मानसुद्धा हलवायची नाही, नाहीतर मुलाच्या साक्षीवरच शंका येते. मुलाला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये असंही कायदा सांगतो. तुमच्या जिल्हा न्यायालयात मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी खोली झाली आहे का, ते विचारा. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये देशभर अशी केंद्रं उभारायला सांगितलं. तिथे वेगळ्या दारानं जाता येतं, खेळणी असतात, स्वच्छतागृह असतं. नसेल तर निदान आरोपी आणि मूल एकाच व्हरांड्यात तासन्‌तास बसणार नाहीत एवढी विनंती सरकारी वकिलांमार्फत लेखी करा.

घरी परतताना "तू हे का नाही सांगितलंस?" असं काढू नका. जे बोललं ते बोललं. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर शाळेत पाठवा.

निकालानंतर

आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यासाठीच दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर अपील करण्याचा हक्क तुम्हालाही आहे, फक्त सरकारला नाही. मुदत असते, म्हणून निकालाची प्रत लगेच मागा आणि त्याच आठवड्यात विधी सेवा प्राधिकरणात जा. शिक्षा झाली तर समोरून अपील होतं आणि पुन्हा जामिनाचा अर्ज येऊ शकतो. नोटीस मिळावी म्हणून बदललेला पत्ता आणि फोन नंबर पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा.

समुपदेशन निकालाच्या दिवशी संपवू नका, ते मुलाला विचारून संपवा. एफआयआरची प्रत, पोच असलेले अर्ज, दवाखान्याचे कागद, निकाल, सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइल मुलाच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात. मुदत ठेवीची पावती वेगळी ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर ती घेऊन मुलाला स्वतः बँकेत जावं लागेल. तेव्हा काउंटरवर "हे कसले पैसे?" असा प्रश्न येऊ शकतो. त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाही, हे त्या सकाळी निघताना आठवणीनं सांगा.